अकरा भरण्यांचं पासबुक

ही केस आठवली की आजही माझा हात आपोआप कानाकडे जातो. तो उपटायचाच काय तो मॅजिस्ट्रेटसाहेबांनी बाकी ठेवला होता.

नव्वदीची सुरुवात. मी जळगावला उपनिरीक्षक होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो. जुलैतल्या एका सोमवारी खबऱ्यानं बातमी आणली. "साहेब, स्टँडजवळच्या टायपिंग क्लासात अमेरिकेला निघालेल्या पोरांना बँकेचे खोटे दाखले मिळतात."

त्या काळी तिकडच्या कॉलेजनं फी माफ केली तरी वर्षभराच्या राहण्याजेवणाचे पैसे आपल्याकडे आहेत, हे व्हिसासाठी दाखवावं लागे. ज्यांच्याकडे पैसे नसत, त्यांच्यासाठी हा टायपिंगवाला बँक मॅनेजर व्हायचा.

दोन पंच घेऊन छापा घातला. बनावट शिक्के सापडले, कोरी लेटरहेडं सापडली, चार खोटे दाखले सापडले. आणि बाकावर एक मुलगी सापडली. फैजपूरजवळच्या गावची, इंजिनिअर झालेली. वडिलांचं प्रतिज्ञापत्र टाइप करून घ्यायला आली होती. तिच्या पिशवीत पासपोर्ट, अर्धी फी माफ केल्याचं कॉलेजचं पत्र, मुंबईच्या एका ट्रस्टचं कर्जशिष्यवृत्तीचं पत्र आणि वडिलांचं पासबुक.

पासबुक उघडलं आणि मी खूश झालो. महिन्यापूर्वी खात्यात किरकोळ शिल्लक. मग आठ दिवसांत अकरा मोठे भरणे.

"टोळी आहे ही," मी आमच्या रायटर हवालदाराला म्हणालो. "व्हिसापुरते पैसे भरायचे, नंतर काढून घ्यायचे. लिहा पंचनामा."

हवालदार खाली मान घालून लिहू लागला. त्याचं अक्षर त्या दिवशी फार वाईट आलं. त्याचं कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं.

"साहेब, गुरुवारी सकाळी मुंबईला माझी मुलाखत आहे," मुलगी म्हणाली. "पुन्हा तारीख मिळाली नाही तर वर्ष जाईल. फीमाफी पण जाईल."

"पकडल्यावर सगळ्यांनाच मुलाखती आठवतात," मी म्हणालो. कागद सगळे जप्त केले आणि तिला घरी पाठवलं.

मंगळवारी तिच्या वडिलांना बोलावलं. गावात कपडे शिवायचं दुकान असलेला बारीकसा माणूस. माझी एक पद्धत होती. माणसाला तीन तास बाकड्यावर नुसतं बसवायचं, मग एकदम प्रश्न टाकायचा.

"पैसे कोणी भरले?"

"आपल्या मान्सांनी."

"नावं?"

"मले काय करायचं ते करा साहेब, पन नावं नही सांगनार." थोड्या वेळानं तोच हळूच म्हणाला, "तुमच्या डाव्या खांद्याची शिलाई उसवेल हाय. सुई असती तर दोन टाके मारले असते."

पुढची सगळी चौकशी मी खांद्यावर हात ठेवून केली. अर्थात काही हाती लागलं नाही.

संध्याकाळी हवालदार दारात येऊन उभा राहिला. घामानं चिंब.

"साहेब, त्या पासबुकातली सातवी एंट्री..."

"कोणाची?"

"माझी."

मी खुर्चीत बसलेलाच होतो, म्हणून पडलो नाही.

"काल तोंडात काय धरलं होतं?"

"काल तुम्ही टोळी म्हणालात साहेब. टोळीत मीपण आहे, असं पंचनाम्यात कसं लिहू? ती माझ्या साडूची पोरगी आहे. माझी नोकरी जाईल म्हणून तो माणूस तोंड उघडत नाहीये."

मग त्यानं सगळं सांगितलं. अकरा घरांनी बसून ठरवलं होतं, या पोरीच्या लग्नात जो आहेर करायचा तो आत्ताच करून टाकायचा. केळीचे पैसे नुकतेच हातात आले होते. लग्नाला सगळ्यांनी मोकळ्या हातानं जायचं आणि पोटभर जेवून यायचं. परत कोणी काही मागणार नव्हतं.

बुधवारी सकाळी दहा माणसं ठाण्यात हजर. अकरावा तर जबाब लिहायलाच बसला होता. "शिकाले दिले साहेब, दाखवाले नही," एक आबा मला समजावत होते. बँकेनंही खात्री दिली. पासबुक खरं होतं, ट्रस्टचं पत्र खरं होतं. खोटा होता तो फक्त माझा अंदाज.

पण कागद आता मुद्देमालात जमा होते. कोर्टाच्या हुकमाशिवाय मला स्वतःलाही ते बाहेर काढता येत नव्हते, आणि तिची मुंबईची गाडी संध्याकाळची. कोर्टात धावलो.

"पोलिसांची हरकत नाही म्हणता," मॅजिस्ट्रेटसाहेब म्हणाले, "मग जप्त कशाला केलेत?"

"चुकलं साहेब."

"हे लेखी द्या."

दिलं. हुकूम हातात पडला तेव्हा पाच वाजले होते. आणि मुद्देमाल कारकून किल्ली खिशात घालून जवळच्या असोद्याला लेकीसाठी मुलगा बघायला गेलेला! मोटारसायकल काढली. भर पाहुण्यांत, कांदेपोह्यांच्या बशीसमोरून त्याला उठवलं. मुलाकडच्यांना वाटलं, वधूपित्यालाच अटक झाली.

स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी लागलेली होती. मुलीनं डब्याच्या दारात उभं राहून एकेक कागद तपासला, पोच लिहून माझ्या हातात दिली आणि आत गेली. आभार मानले नाहीत. तिनं का मानावेत?

गुरुवारी मला चहा गोड लागला नाही. दुपारी फोन वाजला. हवालदारानं उचलायच्या आत मी उचलला.

"मिळाला," ती म्हणाली. "आमच्या गल्लीत फोन नाही. बाबांना सांगाल?"

मी आनंदाच्या भरात हवालदाराला घेऊन थेट जीपनं गेलो. हा शेवटचा गाढवपणा. गावात पोलिसांची जीप शिरताच दारं लागली. तिचे वडील गळ्यात मापाची टेप घेऊन बाहेर आले, चेहरा पांढराफटक. "आता काय राह्यलं, साहेब?" म्हणाले आणि चपला घालू लागले, माझ्याबरोबर निघायला.

"मिळाला व्हिसा," मी म्हणालो. मला ते तीनदा सांगावं लागलं.

तेव्हापासून कोणालाही बाकड्यावर बसवण्याआधी मी त्याच्या घरी कोण वाट बघतंय ते विचारत असे. जप्त केलेले कागद सुपूर्तनाम्यावर परत देता येतात. माणसाच्या अंगात घातलेली भीती परत घेण्याचा फॉर्म मात्र मला खात्यात कुठे सापडला नाही.