कुंड्यांना पाणी कोण घालणार

काचीगुड्यातल्या आमच्या फ्लॅटची बाल्कनी जेमतेम दोन खुर्च्यांची. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी तिथे एचेव्हेरिया लावले. जाड पानं एकात एक बसून कमळासारखी पसरतात, ती बुटकी झाडं. पानांवर पांढरट भुकटी असते; बोट लागलं की डाग कायमचा. असली नखरेल मंडळी मला आवडतात, कारण मीही त्यातलीच, असं घरात म्हणतात.

डिसेंबरात एकेक झाड मधूनच सडू लागलं. खालची पानं टवटवीत आणि गाभा काळा, पिळपिळीत. मी माती बदलली, खडी वाढवली, भिंग घेऊन कीड शोधली. शेवटी तारनाक्याच्या नर्सरीवाल्याला फोटो दाखवले. तो म्हणाला, "अम्मा, ऊपर से नक्को डालो पानी. बीच में ठैरता, सडता." मी वरून घालतच नव्हते! पंधरा दिवसांतून एकदा मातीत, तेही हात आखडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी उलगडा झाला. सासूबाई पूजा आटोपून एका हातात काठी, दुसऱ्यात तांब्या घेऊन बाल्कनीत आल्या. देवांच्या आंघोळीचं पाणी मोरीत जाऊ नये, पायदळी येऊ नये, हा आमच्या घरचा नेम. पूर्वी त्या ते खाली जास्वंदीला घालत. गुडघ्यांमुळे जिना बंद झाल्यापासून ते माझ्या झाडांना मिळत होतं. प्रत्येकाच्या अगदी मधोमध, रोज, मनोभावे.

माझं डोकंच फिरलं. "आई, तुम्ही मारलीत माझी झाडं! यापुढे हात लावू नका."

त्या तांब्या घेऊन आत गेल्या. नंतर चार दिवस बाल्कनीकडे फिरकल्या नाहीत. पूजा पाच मिनिटांत उरकायच्या आणि पलंगावर बसून राहायच्या. मला राहवेना. सरळ माफी मागायची तर जीभ रेटेना, म्हणून म्हटलं, "आई, चला ना, उन्हात बसू."

"काय करू येऊन?" त्या म्हणाल्या. "स्वयंपाक तू घेतलास, जिना डॉक्टरांनी घेतला. एवढं एक काम राहिलं होतं."

आवाजात तक्रार नव्हती, म्हणून जास्त लागलं. मला माझीच लाज वाटली.

सडलेल्या झाडांची चांगली पानं मी हलकेच काढली. सुक्या रेताड मातीवर नुसती ठेवली तरी त्यांना मुळं फुटतात. तो ट्रे सासूबाईंच्या खुर्चीपुढे ठेवला. म्हटलं, "मुळं आली की कडेने थोडंसं पाणी लागेल. कधी, ते तुम्ही ठरवायचं. देवाचं पाणी मी खाली नेऊन घालते."

 दुसऱ्या दिवशी त्या चष्मा लावून खुर्चीत बसल्या. मग रोजच. बोट मातीत खुपसायचं, चोळून बघायचं, मान हलवायची. फेब्रुवारीत पानांच्या बुडाशी नव्या झाडांची तांदळाएवढी पिल्लं दिसली.

मार्चमध्ये ऊन कडक झालं. पिल्लं मला मलूल वाटली. मी पाण्याची बाटली उचलली.

"नक्को!" सासूबाई कडाडल्या. "खाली माती ओली आहे अजून. घाई तर तुझ्या पाचवीलाच पुजलेली."

गेली तीस वर्षं हा आवाज ऐकला की माझ्या कपाळावर आठी पडायची. त्या दिवशी मी मुकाट्याने बाटली खाली ठेवली. इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले.