आईचे कोरे ताव

आईला कागदाचा नाद होता. वाण्याकडून गूळ, डाळ, हळद ज्या पुड्यांत बांधून यायची, त्या पुड्या ती आधी रिकाम्या करून उन्हात धरायची आणि मग डाळीकडे वळायची. बाभुळगावच्या आमच्या वाण्याकडे कापसाच्या जिनिंग कारखान्यांतल्या रद्दीचे गठ्ठे येत. त्यात इंग्रजी अमदानीतले जाड ताव निघत. वरून अगदी कोरे, पण उजेडात धरले की कुणाच्या पोटात मुकुट, कुणाच्या सिंह, कुणाच्या पोटात भाला घेतलेली बाई. याला वॉटरमार्क म्हणतात हे मला फार पुढे कळलं. आई नुसती म्हणायची, "पाह्य, कशी लपून बसून राह्यली!"

कापडाच्या ठाणांवरची सोनेरी छापाची लेबलंही ती जमवायची, पण जीव या तावांवर. माझी शाळेची वही संपली तरी त्यातला एक ताव मला मिळाला नाही. मी फणकारायची. बाबा चेष्टा करायचे, "तुह्या मायले गूळ नाही, पुडी पाह्यजे."

एकोणीसशे साठच्या आसपास, पावसाळा सरता सरता आईला ताप आला आणि आठवडाभरात ती गेली. हे वाक्य मला अजूनही धड लिहिता येत नाही.

दोन-तीन दिवसांनी बाबांनी तिची पेटी उघडली. मला वाटलं, लुगडी काढतायत. त्यांनी ताव काढले, सगळे, जुन्या पंच्यात गुंडाळले आणि यवतमाळला छापखान्यात नेले. तेरवीची पत्रं छापायला. आमच्याकडे अशी बातमी साध्या कार्डावर, कोपरा फाडून धाडतात. ते बाबांना चालणार नव्हतं. "तिच्या आवडीच्या कागदावर तिचं नाव गेलं पाह्यजे," ते म्हणाले.

पत्रं देखणी झाली होती. काळी चौकट, कोपऱ्यांत बारीक वेलबुट्टी, मध्ये आईचं नाव. तिचं नाव छापलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. मी ढसाढसा रडले, आणि बाबांचा अभिमानही वाटला. पत्रं गावोगावी गेली.

मरणाचं पत्र वाचल्यावर घरात ठेवत नाहीत, फाडून टाकतात. हे आम्हाला काय ठाऊक नव्हतं? बाबांनी जन्मभर अशी पत्रं दारात उभं राहूनच फाडली होती. पण त्या दिवसांत त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि माझंही नव्हतं.

तेरवीची पंगत बसली होती. बाबा वरण वाढत होते. आर्णीची आत्या सहज बोलून गेली, "काय चिवट कागद होता बाप्पा! हातानं फाटता फाटे ना. शेवटी इळीवर कापला मी."

बाबा पळी तशीच धरून उभे राहिले. मग ते पंगतीतल्या एकेकाला विचारू लागले, "पत्र आहे काय तुमच्यापाशी?" रीत पाळली की नाही तेच विचारतायत, असं सगळ्यांना वाटलं. "फाडलं ना भाऊ, वाचल्याबरोबर फाडलं." "आत नेलंच नाही, दारातच फाडलं." मुकुटबनहून आलेल्या मामांनी तर त्यांचा हात धरला, "त्याची काळजी नको करू तू." घरात उरलेली चार-दोन पत्रं आत्याने सकाळीच चुलीत घातली होती. मला तिचा असा संताप आला! तिचं काय चुकलं होतं, सांगता आलं नसतं.

पाहुणे पांगल्यावर बाबा माझ्याजवळ येऊन बसले.

"उजेडात धरलं की काय दिसे वं त्यात?"

मी विचारलं, "तुम्ही कधी पाह्यलं नाही?"

"कितीकदा बोलावलं तिनं. मले वाटे, पाहू कधीतरी. कागदं कुठं पळून चालले!"

मग मी सांगायला बसले. मुकुट सांगितला, सिंह सांगितला. बाईपाशी आले तेव्हा त्यांनी विचारलं, "कशी होती बाई?"

"बसलेली होती," मी म्हणाले. "हातात भाला होता."

ते आणखी सांगण्याची वाट पाहत होते. मला पुढे काही सांगता येईना, आणि दाखवायला घरात कागदाचा कपटाही नव्हता.