खोकल्याचं नाव काय?

चेन्नईत, आमच्या नुंगंबाक्कमच्या इमारतीच्या फाटकाशी एक तपकिरी कुत्री राहते. तिला दहीभात मी घालते, म्हणून ती खोकायला लागली तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी मलाच गाठलं.

"डिस्टेंपर आहे, कुत्र्यांचा जीवघेणा साथीचा रोग. रविवारपर्यंत हलवा, नाहीतर आम्ही हलवतो."

"कुणी तपासलं?"

"तपासायचं काय त्यात? दिसतंय की."

मला दिसत होतं ते एवढंच: नाक वाहतंय, अंग तापलंय, घशात हाड अडकल्यासारखी खोकतेय. गिंडीच्या ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तंजावरकडचे मराठी निघाले. त्यांच्या जुन्या वळणाच्या बोलीत म्हणाले, "भिऊं नको, अम्मा."

ताप मोजून, छाती ऐकून ते म्हणाले, "डिस्टेंपर असेल, केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा साधा साथीचा खोकला असेल, फ्लूही असेल. नुसतं बघून कुणालाच सांगता येणार नाही. कधीपासून खोकते?"

"परवापासून."

"बरं झालं, लवकर आणलीस. उशीर झाला की नाकातल्या स्वॅबमध्ये विषाणू सापडत नाही." मग विचारलं, "हिच्याआधी कोण आजारी होतं?"

मला एकदम आठवलं. सेक्रेटरींचा लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या बोर्डिंगमधून आल्यापासून ठसकत होता. फाटकाशी दोघं रोज एकमेकांना हुंगायची.

रिपोर्ट येईपर्यंत तिला माझ्या बाल्कनीत ठेवलं. भांडी वेगळी, तिला हात लावला की हात धुवायचे, कपडे बदलायचे. सेक्रेटरी दारात येऊन ओरडले. मी म्हटलं, "बोलवा कुणाला बोलवायचं ते. ती इथेच राहणार."

रिपोर्टात इन्फ्लुएन्झा, म्हणजे फ्लूच निघाला. रविवारच्या मीटिंगमध्ये मी तो उभी राहून वाचला आणि म्हटलं, "आता तुमचा कुत्राही तपासा."

"माझ्या कुत्र्याने दिला, याला पुरावा आहे?"

"नाही. म्हणून तर तपासा म्हणते. तुमच्यासारखं बघून सांगत नाही."

त्यांनी तपासलं. स्वॅबमध्ये काही नव्हतं, पण रक्तात फ्लू होऊन गेल्याची खूण सापडली. हे त्यांच्या बायकोने मला लिफ्टमध्ये सांगितलं. ते स्वतः कधीच बोलले नाहीत.

कुत्री तीन आठवड्यांनी खडखडीत बरी झाली. पुढच्या मीटिंगमध्ये फाटकाशी खायला घालायला बंदी करायचा ठराव आला. विरोधात एकच हात वर होता, माझा. ठराव मंजूर झाला.

मी अजूनही घालते. सकाळी सात वाजता, सगळे फिरायला निघतात तेव्हा, फाटकाच्या अगदी समोर.