नळाची ओटी

गोजरामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. त्र्यंबकच्या डोंगराकडे आमचं गाव होतं, नदीला खोल डोह होता आणि डोहाच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवी. बाळंतीण सव्वा महिन्यानं त्यांची ओटी भरायची, बाळाच्या कपाळाला ते पाणी लावायची आणि मगच हंडा उचलायची. ओटी भरून घेण्याचा मान मावशीचा.

सत्त्याण्णव साली गाव धरणात गेलं. नाशिकला पाणी हवं होतं ना! साहेब लोक मोठे दयाळू. त्यांनी सातही दगड ट्रॅक्टरवर घातले, माळावरच्या नव्या वसाहतीत पत्र्याच्या शेडखाली सिमेंटमध्ये बसवले आणि वर फोटो काढून घेतले. माळावर पाण्याचा टिपूस नाही. पाण्यातल्या देवींना असं कोरड्यावर बसवलेलं पाहून मावशी जी पेटली, ती पेटलीच.

"नुसतं दगड आणलं. त्या पाण्यातच हायेत," ती म्हणायची. शेडकडे तिनं कधी ढुंकूनही पाहिलं नाही.

दोन हजार चारमध्ये तिच्या सुनेला, मनीषाला, मुलगी झाली. सव्वा महिना होताच मावशी दोघींना घेऊन धरणावर गेली. मी सोबत होते. वॉचमननं फाटकातूनच हुसकलं. प्रतिबंधित क्षेत्र म्हणे! जिचं घर त्या पाण्याखाली आहे, तिलाच पाण्याला हात लावायची बंदी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मनीषा मात्र रडायला लागली. ओटीवाचून पोरीचं काही बरंवाईट झालं तर?

"हे पानी जातं कुठं?" मावशीनं वॉचमनला विचारलं.

"नाशिकला."

"मग चला नाशकाला."

इंदिरानगरात माझा भाऊ सुनील एका सोसायटीत राखणदार होता. आम्ही पोचलो तेव्हा पार्किंगमध्ये एक गृहस्थ पाइप लावून गाडी धूत होते. पाणी पार रस्त्यापर्यंत वाहत गेलेलं. मावशीनं सरळ जाऊन नळ बंद केला.

"अहो आजी, हे काय? पाण्याचं बिल भरतो आम्ही!"

"आमी गाव दिलंय," मावशी म्हणाली.

तिनं पाइप काढून बाजूला फेकला, नळाला हळदकुंकू लावलं आणि मनीषाकडून खण, नारळ, हिरव्या बांगड्यांची ओटी भरून घेतली. पोरीच्या कपाळाला पाणी लागलं तेव्हा कुठे मनीषाच्या जिवात जीव आला. वसाहतीत नवसाबाईची लेकही बाळंतीण होती. तिच्यासाठी मावशीनं एक कॅन भरून घेतला.

परतीच्या एसटीत कॅन मांडीवर घेऊन बसलेल्या मावशीला कंडक्टर हसला.

"आजी, धरणाच्या गावाला नाशिकहून पाणी?"

"हसतो काय, बाबा?" मावशी म्हणाली. "ही हसायची गोष्ट हाय का?"