वरून दुसरी ओळ

खटाखटबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने लॅबमध्ये कुणी हाक मारत नसे. आतून टेक्निशियन आकडे ओरडून सांगायचा आणि बाई कीबोर्डकडे न बघता बोटं चालवायच्या. लोकांना कौतुक. बाईंची मात्र ती गरज होती, कारण वर्षभरात डोळ्यांपुढचं मधलं सगळं धूसर झालं होतं, कडा तेवढ्या शाबूत होत्या. नवरा अंथरुणावर, घर बाईंच्या पगारावर. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून बाई गप्प.

त्यांना तारलं पडद्यावरच्या टूलबारने. वरून दुसऱ्या ओळीत उजव्या टोकाला 'पाठवा'चं बटण. त्याच्या बरोब्बर वर 'पुसा', तिकडे बाई जन्मात फिरकल्या नव्हत्या. वाचायचं काम नाही, हाताला जागा पाठ.

त्या सकाळी लॅबच्या मालक डॉक्टरसाहेबांनी, फुकट ते पौष्टिक मानणारा माणूस तो, बाईंच्या कॉम्प्युटरवर कसलासा प्रोग्राम उतरवला. त्याच्यासोबत न बोलावलेला पाहुणा आला: रिपोर्टचं पान उघडायचं त्या ब्राउझरला वर एक नवी पट्टी चिकटली आणि बाकीचं सगळं एकेक ओळ खाली सरकलं. बाईंना कोण सांगणार?

काउंटरवर एक पोरगी रडवेली उभी. "मावशी, आईला ऑपरेशनला घेतायत. रिपोर्ट मिळाल्याशिवाय हात लावणार नाहीत."

"हा बघ, पाठवला." बाईंनी सवयीच्या जागी दाबलं.

टुंग! पडद्याच्या मधोमध एक चौकट उगवली. मधोमध, म्हणजे नेमकी जिथे बाईंना काही दिसत नव्हतं तिथे. 'हो' म्हणावं? 'नाही' म्हणावं? कुणाला विचारावं तर बिंग फुटणार. मान तिरकी करून पाहिलं, दोन करडे डाग फक्त.

"मावशी, गेला का?"

'हो' बहुतेक डावीकडे असतं. बाईंनी बाण तिकडे नेला.

"अहो, थांबा, थांबा!" मागून डॉक्टरसाहेब ओरडले. "आजचे सगळे रिपोर्ट पुसायचे का, असं विचारतंय ते! एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय, दिसत नाही का तुम्हाला?"

एरवी बाईंनी हसून वेळ मारून नेली असती. समोर पोरगी हुंदके देत होती.

बाईंनी माउसवरचा हात काढून मांडीवर घेतला.

"नाही दिसत," त्या म्हणाल्या. "आधी तिचा रिपोर्ट पाठवा, साहेब."