बाईंनी गाळलेली मरणं

आमच्या स्वयंपाकघरात पुस्तक उघडण्याआधी गांगुर्डेबाई दोन गोष्टी न चुकता करत. साबणानं कोपरापर्यंत हात धुवत, जणू पुस्तकाचं ऑपरेशनच करायचं आहे. मग स्टुलावर ताठ बसून, चष्म्यावरून बघत, खणखणीत आवाजात विचारत, "मागच्या बाकावर ऐकू येतंय ना?"

मागच्या बाकावर, म्हणजे शेगडीपाशी, मी एकटी. आमचं स्वयंपाकघर एवढं की एकीनं जांभई दिली तर दुसरीनं बाहेर जावं. पण सारी हयात शाळेत शिकवण्यात गेलेल्या बाईंचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून थेट जेलरोडच्या रिक्षास्टँडवर पोचायचा. प्रकरण संपेपर्यंत रिक्षावाले भाडं नाकारायचे, असं मी सगळ्यांना सांगते. भाडं ते एरवीही नाकारतातच, ही गोष्ट वेगळी.

बाई आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत. आम्हा दोघींचा करार साधा होता. त्यांना स्वयंपाक येत नसे आणि मला वाचन. म्हणजे अक्षरं येतात हो, पण दुसऱ्या ओळीला माझा डोळा लागतो. लग्नपत्रिका वाचताना मी 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' याच्या पुढं आजवर गेलेले नाही. आणि बाईंच्या भाकरीबद्दल काय सांगू! एकदा त्यांनी प्रेमानं आणून दिली. ह्यांनी तोडायचा प्रयत्न केला, मग दोन दिवस दाराला अडसर म्हणून लावली. तेव्हा ठरलं, मी दोन्ही घरांचा स्वयंपाक करायचा आणि तो होईस्तोवर बाईंनी वाचनालयातलं पुस्तक मोठ्यानं वाचायचं.

त्यांच्या आवडी अगदी लहान लहान. काळ्या मसाल्याची मटकी, तीही भांड्याच्या बुडाशी जरा लागलेली. पोळी तव्यावरून थेट हातात. कान तुटलेला निळा कप, कारण "कान धरायची सवय शाळेत झाली, घरी नको." पुस्तक जाडच हवं. बारीक पुस्तक दिसलं की म्हणायच्या, "हे तर वरणाला फोडणी बसेपर्यंत संपेल. पुस्तक कसं, गहू निवडण्यापासून खिरीपर्यंत पुरलं पाहिजे." आणि रोज जेवायला बसताना त्यांचा एक ठरलेला मंत्र होता, "जगात काहीही होवो मंदा, जिवंत माणसानं आधी गरम गरम खाऊन घ्यावं."

सुरुवातीचंच एक पुस्तक होतं, त्यात एक म्हातारा शिक्षक वारतो. बाई वाचत होत्या, मी वरण घोटत होते, आणि तो गेला. मी रवी खाली ठेवली. एवढा चांगला माणूस, चाळीस पानं आमच्या स्वयंपाकघरात वावरलेला, आणि त्याला रडणारं घरात कोणी नाही! मी चक्क तीन दिवसांचं सुतक धरलं. देवपूजा बंद, फोडणी बंद. ह्यांना आणि बाईंना बिनफोडणीचं वरण आणि पांढरा भात. हे म्हणाले, "अगं, तो छापील माणूस आहे!" मी म्हटलं, "छापील असला म्हणून काय झालं? आपली पण आधारकार्डावर छापीलच ओळख आहे." बाई फिक्का भात गिळत होत्या. तेव्हाच त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजायला लागलं असणार. माझ्या गॅसवर धड काही शिजत नव्हतंच.

त्यानंतर आमच्या पुस्तकांना बरे दिवस आले. तीन-चार वर्षं आम्ही वाचत होतो. दुष्काळ आला, धरण फुटलं, साथी आल्या, भावाभावांत कुऱ्हाडी चालल्या, पण माणूस एकही दगावला नाही. फार तर कोणाची बदली व्हायची. आजारी माणूस लेकीकडं राहायला जायचा. एका कादंबरीतला म्हातारा बैल चांदवडच्या बाजारात विकला गेला. मी एकदा म्हटलंसुद्धा, "बाई, ही कथा तर कोकणातली ना? बैल चांदवडला कसा आला?" बाई पानावरून नजर न काढता म्हणाल्या, "भाव बरा मिळतो. तुझी पोळी फुगली बघ."

पोळी खरंच फुगली होती. मी पोळीकडं बघत बसले.

भांडं फुटलं ते वाचनालयाच्या वाचक मेळाव्यात. बाई नेमक्या नांदगावला मुलाकडं गेल्या होत्या, नाहीतर त्यांनी मला तापाचं निमित्त करून घरी झोपवलं असतं. कॉलनीचा हॉल भरलेला. माईक माझ्या हातात आला आणि मी आमच्या नुकत्याच संपलेल्या कादंबरीवर असं काही बोलले की पुढच्या रांगेतल्या बायकांनी पर्समधून रुमाल काढले. शेवटी मी म्हटलं, "आणि मला सगळ्यात काय आवडलं सांगू? आजोबा एवढे आजारी पडले, लेकीकडं राहायला गेले, पण नातीच्या लग्नाला बघा कसे वेळेवर आले!"

हॉलमध्ये असं काही चिडीचूप झालं की मागच्या चहाच्या पातेल्याला उकळी फुटलेली ऐकू आली. मग एक कॉलेजातली मुलगी उठली. बिचारी फार नम्र होती. "काकू, आजोबा तर मध्यातच जातात ना? लग्नात त्यांचा फोटो असतो. हार घातलेला."

लोक हसले. मी पण हसले. आपण गंमत केली असं दाखवायला हसावं लागतं. पण घरी येईपर्यंत मी ते वाक्य आठवून काढलं. तो हार मी माझ्या डोळ्यांसमोर आजोबांच्या गळ्यात घातला होता, जिवंत गळ्यात. बाईंनी वाचलं होतं, "आजोबांच्या गळ्यात हार होता." भिंत आणि फोटो, तेवढं गाळलं होतं.

बाई नांदगावहून आल्या तशी मी त्यांना दारातच धरलं. हात धुवायलासुद्धा सवड दिली नाही.

"आजोबा मेले का?"

"कोणाचे?"

"सोंग नका करू, बाई. हारवाले."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. खोटं पकडलं गेलेल्या पोराचं तोंड त्यांनी हजारदा पाहिलं असेल, आज ते त्यांच्याच चेहऱ्यावर बसलं होतं. "गेले," त्या म्हणाल्या.

"आणि बदली झालेला तो मामलेदार?"

"तोही."

"बैल?"

"बैल आधी गेला."

एका दमात सबंध गाव गेलं हो माझं! बाई रात्री घरी पुढचं प्रकरण वाचून ठेवायच्या, तांदळातले खडे निवडावेत तशी मरणं निवडून काढायच्या आणि संध्याकाळी मला नुसता तांदूळ वाचून दाखवायच्या. मला वाटलं, आता म्हणतील, तुझा जीव हळवा, मला बघवेना. तसं म्हणाल्या असत्या तर मी पाघळले असते. पण बाई कसल्या! म्हणाल्या, "त्या मास्तरपायी तू मला तीन दिवस बिनफोडणीचं घातलंस. एकेका कादंबरीत सात-सात माणसं मरतात, मंदा. मी काय उपाशी मरू?"

म्हणजे माझ्यासाठी नाहीच. मटकीसाठी! मला फसवलं ते फसवलं, वर त्यात मायेचा कढीपत्तासुद्धा नाही.

पितृपक्ष चालू होता. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं सर्वपित्री अमावास्येला करतात. माझ्या एवढ्या माणसांची तिथी मला ठाऊक नव्हती, कारण ती मला कळूच दिलेली नव्हती. मी फर्मान काढलं, सगळी पुस्तकं वाचनालयातून परत आणा आणि सर्वपित्रीला एकूण एक मरण मला वाचून दाखवा. काही न गाळता. मी त्यांच्या नावानं घास ठेवणार.

बाई म्हणाल्या, "आमच्या बौद्धांत पितर-बितर नसतं, मंदा." मग लगेच, "वडे असतील का पण?"

"असतील."

"मग येते."

त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात जेवढी माणसं गेली तेवढी लढायांत जात नसतील. एकीकडं तळणीत वडे, दुसरीकडं बाईंचा हजेरी घेतल्यासारखा आवाज. आजोबा. मामलेदार. विहिरीत गेलेली धाकटी जाऊ, जी मला माहेरी सुखात आहे असं वाटत होतं. प्रत्येक मरणाला मी पदरानं डोळे पुसून गॅलरीच्या कठड्यावर नाव घेऊन घास ठेवत होते. कावळा आधी झडप घालत होता, मग सावकाश यायला लागला, आणि शेवटी तर एवढा जड झाला की त्याला उडता येईना, पाण्याच्या पाइपवरून चालत गेला. हे पाटावर बसून निमूट वडे खात होते. बैलासाठी मी मुद्दाम खीर ठेवली.

"संपले का सगळे?" मी विचारलं.

"मेलेले संपले." बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. तो स्वच्छच होता. "एक राहिलंय. ते पुस्तकातलं नाही. मी नांदगावला चाललेय. मुलाकडं राहायला."

माझ्या हातातला झारा तेलात पडला. मुलाकडं राहायला! लेकीकडं राहायला गेलेले सगळेच्या सगळे मी आत्ताच कठड्यावर जेवू घातले होते. मी बाईंचा हात धरला.

"बाई, खरं सांगा. मुलाकडं म्हणजे... मुलाकडंच ना? डॉक्टरांनी काही सांगितलंय का?"

बाई हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं वेडे, मुलाकडंच. गुडघे गेलेत माझे, बाकीची शाबूत आहे. तीन जिने आता चढवत नाहीत. त्यानं खाली एक खोली काढलीय. इथला फ्लॅट देऊन टाकला."

"देऊन टाकला? केव्हा?"

"आषाढात."

"कोणाकोणाला माहीत आहे?"

त्या शिक्षिका होत्या, सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची सवय. "वॉचमनला. दूधवाल्याला. खालच्या मजल्यावरच्यांना." मग पाटाकडं न बघता, "तुझ्या ह्यांना. टेम्पो त्यांनीच ठरवून दिलाय."

ह्यांच्या तोंडात आख्खा वडा होता. तो त्यांनी ना गिळला ना काढला. संसाराला एवढी वर्षं झाली, हा माणूस माझ्यापासून साधी लॉटरीची तिकिटं लपवू शकला नाही, आणि आषाढापासून हे पोटात ठेवून रोज माझ्यासमोर ढेकर देत होता!

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तू सुतक धरलं असतंस," बाई म्हणाल्या. "आषाढापासून धरलं असतंस. मला तेवढे महिने तुझ्या हातचं फोडणीचं खायचं होतं, इथं बसून. नांदगावला सून चांगलं करते. पण तिथं तू नाहीस."

दुसरी कोणी असती तर गळ्यात पडली असती. मला मात्र राग आला, आणि तो खरा होता. ते महिने माझेही होते. मला माहीत असतं तर मी मटकी रोज जरा जास्त लागू दिली असती. एखादं प्रकरण मुद्दाम लांबवलं असतं. बाईंनी ते शेवटचे दिवस मोजून, चाखून, पुरवून खाल्ले आणि मला साधे दिवस म्हणून वाढले. छापील माणसांचं मी माफ केलं असतं. हे नाही.

मी त्यांच्यासमोरचं ताट उचललं नाही, तेवढी माणुसकी शिल्लक होती. पण दुसऱ्या दिवसापासून दार लावून घेतलं. डबा ह्यांच्या हातून जाई. संध्याकाळी भिंतीपलीकडून बाईंचा आवाज यायचा. त्या एकट्याच मोठ्यानं वाचत बसायच्या, माझ्या बाजूला तोंड करून. "मागच्या बाकावर ऐकू येतंय ना?" मी कुकरची शिटी जास्त होऊ द्यायची.

जायच्या दिवशी टेम्पो सकाळीच आला. सामान ते किती, दोन कपाटं, एक पलंग आणि पुस्तकांची पोती. सगळी बिल्डिंग खाली जमली. मी गॅलरीत उभी, हाताची घडी घालून. बाईंनी दोनदा बेल वाजवली होती. मी उघडलं नव्हतं.

टेम्पोच्या पायरीवर एक पाय ठेवून त्यांनी वर पाहिलं. "येते गं, मंदा!"

आपल्यात जाणारं माणूस 'जाते' म्हणत नाही. अशुभ असतं. स्टेशनवर, दवाखान्यात, सासरी जाताना, सगळे 'येते'च म्हणतात. पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी तिसऱ्या मजल्यावरून ओरडले, "येणार नाही आहात तुम्ही! एकदा तरी खरं बोला! जाते म्हणा!"

खाली उभ्या असलेल्या बायकांनी जिभा चावल्या. हे दोन्ही हात वर करून मला गप्प राहायच्या खुणा करू लागले. टेम्पोवाल्यानं चालू केलेली गाडी बंद केली.

बाईंनी पायरीवरचा पाय खाली घेतला. पदर नीट केला. फळ्यासमोर उभ्या राहायच्या तशा ताठ उभ्या राहिल्या, आणि रिक्षास्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जाते, मंदा. हे जिने आता परत चढणं व्हायचं नाही. मी जाते."

तेव्हा कुठं मी चपला पायात सरकवल्या आणि खाली उतरले.