आत्याची नादुरुस्त खोली

आत्या समुद्रावर जायला निघाली की बॅगेत आधी स्क्रूड्रायव्हर जायचा, कपडे नंतर. त्याच्या जोडीला पक्कड, लांब चोचीची तेलाची डबी, जुन्या चिंध्या आणि एक बल्ब. हॉटेलच्या बल्बखाली आपलीच बोटं आपल्याला दिसत नाहीत, अशी तिची तक्रार असायची. बाबा बॅग उचलताना कुरकुरायचे, "अगं ताई, सुट्टीला चाललीस की ठेका घेतलायस?" त्यावर ती म्हणायची, "तू उचल गपचूप. तिथे नळ गळायला लागला की सगळ्यात आधी तूच हाका मारतोस."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. शिलाई मशीन दुरुस्त करायचं तिचं छोटंसं दुकान होतं. उंच स्टुलावर बसून ती दिवसभर मशीनच्या पोटात डोकं घालायची. नखांत काळं तेल इतकं मुरलेलं, की ती कणीक मळायला बसली की आई हळूच परात ओढून घ्यायची. मशीन घेऊन येणाऱ्या बायकांना ती फाडकन सांगायची, "मशीनला काही झालेलं नाही. सुई उलटी लावलीय तुम्ही." लग्न केलं नाही. का केलं नाही, असं कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "दुरुस्तीला नवीन काही घेत नाही मी." विचारणारा पुन्हा त्या वाटेला जायचा नाही.

वर्षातून एकदा ती दुकानाला कुलूप लावायची आणि मला आणि माझ्या भावाला घेऊन समुद्रावर जायची. आई-बाबा कधी यायचे, कधी नाही. हॉटेल ठरलेलं. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर टोप्या, पोहायची रबरी चाकं आणि शिंपल्यांच्या माळा विकणाऱ्या दुकानांची रांग संपली, की एक तीन मजली पिवळट इमारत लागायची. दोन्ही बाजूंना काचेची उंच हॉटेलं झाली होती आणि मध्ये आमचं हॉटेल अंग चोरून उभं. पोहण्याचा तलाव होता, पण त्यात पाणी सोडून सगळं असायचं: मोडक्या खुर्च्या, फाटक्या छत्र्या, एक मांजर आणि तिची त्या वर्षीची पिल्लं. टॉवेल असे विरलेले, की तोंड पुसता पुसता समोरचा माणूस दिसायचा. खोलीतून समुद्र दिसतो असं बाहेर पाटीवर रंगवलं होतं. दिसायचाही. फक्त बाल्कनीच्या कठड्यावरून कंबरेपर्यंत बाहेर वाकावं लागायचं आणि मागून कुणालातरी फ्रॉक घट्ट धरावा लागायचा.

आता मी बऱ्या हॉटेलात उतरते. चादरी कडक इस्त्रीच्या असतात, खिडकीत अख्खा समुद्र असतो, आणि झोप काही केल्या लागत नाही. झोप म्हटलं की मला ती दमट, जराशी खारट चादरच आठवते. दुपारी आम्ही दोघं वाळूने भरलेले पाय तसेच घेऊन गादीवर पडायचो आणि आत्या बाल्कनीच्या दारापाशी पाटावर बसून स्क्रू पिळत असायची. तिकडून लाटांचा आवाज, इकडून तिची कुरकुर कुरकुर, आणि मध्येच एखादी शिवी. त्या आवाजात मी जशी झोपले तशी पुन्हा कधीच झोपले नाही. आत्या गेली, त्याआधी हॉटेलचे मालकही गेले. मला मात्र अजून दुपारी कुठे दार करकरलं की पेंग येते.

मालकांबद्दल सांगायलाच हवं. उंच, थोडे वाकलेले, कायम अर्ध्या बाह्यांचा विटका शर्ट. बायको फार पूर्वी वारलेली, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. काउंटरच्या मागच्या खोलीत एकटे राहायचे. इतरांशी मोजकंच बोलत, पण आत्या दिसली की त्यांच्या जिभेला धार यायची. पहिल्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली आमची. ते हॉटेल सगळंच खिळखिळं होतं, तरी आमच्या खोलीवर मोडण्याची खास मेहेरनजर होती. नळ गळायचा, पडद्याची दांडी एका बाजूने लोंबायची, बाल्कनीचं दार तर बिजागऱ्यांतून निखळून हातात यायच्या बेतात असायचं. मग आत्या ताडताड खाली जायची, आणि आम्ही जिन्यात बसून ऐकायचो.

"मालक, यंदाही दार लागत नाही."

"खारा वारा आहे, बाई. लोखंडाने तरी काय करावं?"

"शेजारच्या खोलीत जात नाही वाटतं हा वारा?"

"कोपऱ्यातल्या खोलीत जरा जास्तच शिरतो."

"मग मला दुसरी खोली द्या."

"देतो की. कोणती देऊ?"

इथे आत्या नाक मुरडायची आणि कोपऱ्यातल्याच खोलीची किल्ली उचलून वर यायची. दर वर्षी हेच. थोड्या वेळाने मालक स्वतः चहा घेऊन वर यायचे आणि दाराच्या चौकटीला टेकून उंटावरून शेळ्या हाकत बसायचे. "डावीकडे जरा, बाई." "एवढं कळतं तर तुम्हीच करा." "मला येत असतं तर तुमची वाट कशाला बघितली असती?" चहा निवून जायचा, दार बसायचं, आणि निघायच्या दिवशी आत्या बजावायची की पुढच्या वर्षी हे असंच दिसलं तर मी सरळ पलीकडच्या काचेच्या हॉटेलात जाईन. मालक मान डोलवायचे. बस वळेपर्यंत ते रस्त्यावर उभे असायचे, आणि आत्या खिडकीतून मुद्दाम पुढेच बघत बसायची. आम्ही भावंडं मोठी झालो, नोकरीला लागलो, तरी जमेल त्या वर्षी आमच्यातलं एक कुणीतरी तिच्याबरोबर जायचंच.

मग आत्याची बोटं वाकायला लागली. सांध्यांचं दुखणं. आधी बारीक काम सुटलं, मग स्टूल सुटलं, शेवटी दुकान दुसऱ्याला देऊन टाकलं. तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. घरी खुर्चीत बसायची, हात मांडीवर, आणि माझ्या आईचं मशीन चाललं की मान वळवून ऐकायची. आता तिचं म्हणावं असं एकच काम राहिलं होतं, ते म्हणजे ती खोली. तेवढ्यासाठी ती वर्षभर डॉक्टरांचं ऐकायची, बोटं कोमट पाण्यात बुडवून बसायची. तेही सुटलं तर ही बाई त्या खुर्चीतून उठायचीच नाही, अशी आम्हा सगळ्यांना धास्ती होती.

शेवटून दुसऱ्या वेळी मी तिच्याबरोबर होते. बिजागरी लावताना तिच्या हातातून स्क्रू निसटले आणि गडगडत पलंगाखाली गेले. मालक नेहमीसारखे चहा घेऊन चौकटीत उभे होते. त्यांनी कप खाली ठेवला, त्या वयात गुडघ्यांवर बसले, पलंगाखाली हात घालून स्क्रू शोधून काढले आणि तिच्या तळहातावर ठेवले. आत्याने दोन कसेबसे बसवले, तिसरा तसाच ठेवला. त्या वर्षी निघताना भांडण झालं नाही. घरी पोचेपर्यंत मला चैन पडलं नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा आम्ही दोघीच गेलो. मालक काउंटरवर नव्हते, बाहेर पायरीवर येऊन उभे होते. नुकतीच दाढी केलेली, शर्ट नवा. आमची बॅग त्यांनी कुणाला हात लावू दिली नाही, स्वतः वर नेली आणि खोलीचं दार असं उघडलं, की जणू आत नवी नवरी बसलीय.

खोली लख्ख होती. बाल्कनीचं दार नवं, बोटाने ढकललं तरी मुकाट्याने फिरणारं. पितळी नळ चकाकत होता, पडद्याला नवी दांडी, पलंगाचे चारही पाय जमिनीला टेकलेले. बल्बसुद्धा पांढराशुभ्र. "शहरातून माणूस बोलावला होता," मालक म्हणाले. "आता तुम्ही नुसतं आरामात बसायचं, बाई."

आत्याने नळ उघडला, बंद केला. दार उघडलं, बंद केलं. पडदा सरकवून बघितला. मग म्हणाली, "छान." उभ्या जन्मात मी तिच्या तोंडून कुठल्याच वस्तूला छान म्हटलेलं ऐकलं नव्हतं. मालक मात्र खूश होऊन खाली गेले.

ती पलंगावर बसली. बॅग उघडली नाही. "उद्या सकाळची गाडी आहे का बघ," म्हणाली.

"आत्या, आत्ताच तर आलोय!"

"बघ म्हटलं ना."

"अगं पण झालं काय? सगळं इतकं नीट केलंय त्यांनी."

"तेच झालंय." तिने आपली वाकडी बोटं माझ्यापुढे धरली. "हे बघितलं आणि माणूस बोलावला. म्हणजे मी आता फक्त पाहुणी. पाहुणी म्हणून राहायला हॉटेलं पुष्कळ पडलीत, पोरी. इथे मी पाहुणी म्हणून कधी आलेच नव्हते."

मला रडूही आलं आणि रागही आला. राग कुणाचा ते कळेना, म्हणून तो मालकांवर काढायला मी खाली गेले. ते काउंटरवर किल्ल्या पुसत होते.

"आत्या उद्या परत निघाली," मी म्हटलं. "पुन्हा येईल असं वाटत नाही."

त्यांचा चेहरा पडला. "का? गरम पाणी येत नाही का?"

"सगळं येतंय. सगळं लागतंय, सगळं फिरतंय. तिला करायला काही उरलंच नाही."

ते किल्ल्या तशाच टाकून जिना चढायला लागले. मी मागोमाग. आत्या बाल्कनीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. ते दुसऱ्या खुर्चीवर टेकले. मी पलंगाशी चादरीशी चाळा करत उभी राहिले. बाहेर जायला हवं होतं खरं, पण गेले नाही.

"बाई, एक सांगायचंय. रागावू नका."

"रागवायला ताकद लागते. बोला."

"ते दार... ते वाऱ्याने सैल व्हायचं नाही."

"ठाऊक आहे."

"आणि नळ..."

"तोही ठाऊक आहे. अहो, खाऱ्या वाऱ्याने स्क्रू गंजून घट्ट बसतो. सैल कसा होईल? आणि तेही सगळे एकजात, मोजून मापून अर्धे अर्धे! माझा जन्म स्क्रूत गेलाय, मालक."

मालकांनी कपाळाला हात लावला. माझ्या हातातली चादर खाली पडली.

"कधीपासून ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या वर्षापासून."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही सैल करायचं सोडलं असतं."

खालून कुणीतरी किल्लीसाठी हाक मारत होतं. मालकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "गेल्या वर्षी तुमचे हात बघितले," ते म्हणाले. "रात्रंदिवस मनाला लागून राहिलं. वाटलं, आपल्या हौसेपायी आपण या बाईला छळतोय. म्हणून म्हटलं, आता पुरे."

"इतका खटाटोप करण्यापेक्षा एकदा तोंडाने विचारायचंत."

"विचारणार होतो. दर वर्षी चहा घेऊन वर यायचो तो त्याच्यासाठीच." त्यांचा आवाज बारीक झाला. "पण विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात, तर पुढच्या वर्षी यायचं बंद कराल. मग मी काय करणार होतो?"

आत्याने आपल्या हातांकडे बघितलं.

"नाहीच म्हणाले असते मी," ती म्हणाली. "पण आले असते."

मालक कठडा धरून उठले, आणि पुन्हा खाली बसले. सकाळच्या गाडीची चौकशी मी केली नाही.